बिल्डरने दिलेला ओटा फोडायचा का? मॉड्युलर किचन करताना कशापासून सुरुवात करायची

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वाकडला २ बीएचकेचा ताबा मिळालाय, किचन १० बाय ८ फूट, बिल्डरने एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा दिलाय ३२ इंच उंचीचा, लागून ड्राय बाल्कनी. घरात तुम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगी. तीन कोटेशन आलीत, कमीतकमी आणि जास्तीत जास्त याच्यात दुपटीचा फरक, आणि तिघांपैकी दोघं म्हणतायत ओटा फोडा, नवीन क्वार्ट्झ (कारखान्यात केलेली दगडी लादी) टाकू. त्यात तुम्हाला हॉब (ओट्याच्या दगडात बसणारी शेगडी), चिमणी, बिल्ट-इन ओव्हन आणि डिशवॉशर हवंय. बरोबर ना?

मी गेली २२ वर्षं हेच काम करतोय. सुरुवात भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लायच्या दुकानात, मग सुतारकाम, आता धायरीत स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आणि काही वेळा हाताने बिघडलेलं निस्तरलेलं आहे. लांबेल जरा, पण तुमचे बरेच पैसे यात अडकणार आहेत म्हणून सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, शटरचा, म्हणजे कपाटाच्या दारांचा, रंग आत्ता बाजूला ठेवा. शोरूममध्ये गेलं की पहिल्यांदा रंगाची शेड कार्डं हातात देतात आणि दोन तास त्यातच जातात, पण किचन चालतं ते त्याच्या मागच्या पाण्यावर, लाईटवर, गॅसवर आणि समोर उभं राहणाऱ्याच्या हातावर. ते ठरलं की पेट्या, म्हणजे कपाटांचे आतले सांगाडे, ठरतात, पेट्या ठरल्या की शटर, आणि रंग तर अगदी ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी ठरवला तरी चालतो.

आता ओटा. आज संध्याकाळी एवढं करा. घरात इस्त्रीचं टेबल असेल ना, उंची कमीजास्त होणारं, त्याच्यावर पोळपाट ठेवा आणि सासूबाईंना म्हणा दोन पोळ्या लाटून दाखवा, मग स्वतः लाटा. टेबल आधी ३०, मग ३२, मग ३४ इंचावर. खांदे वर उचलले जात असतील तर उंची जास्त आहे, कंबरेतून वाकावं लागत असेल तर कमी. हिशोब असा की कोपर वाकवून उभं राहिलं की जमिनीपासून कोपरापर्यंत जी उंची येते त्याच्यातून ४ ते ६ इंच वजा करायचे. तुम्ही ५ फूट १ लिहिलंय, म्हणजे तुमचं कोपर साधारण ३८ इंचावर येणार, म्हणजे ओटा ३२ ते ३४. सासूबाई तुमच्यापेक्षा बुटक्या आहेत म्हणताय, त्यांना ३२ च्या वर अजिबात नको. म्हणजे जो ओटा फोडायला सांगतायत तो तुमच्या दोघींच्या हाताला बरोबर बसतोय! मग का फोडतायत? कारण त्यांच्या फॅक्टरीतल्या रेडी पेट्या ठरावीक उंचीच्या असतात, पाय आणि वरचा दगड धरून ३४ च्या आसपास जातात, आणि बिल्डरच्या ओट्याखाली त्या बसत नाहीत. ही त्यांची अडचण आहे, तुमची नाही.

ओटा ठेवण्याचं अजून एक मोठं कारण सांगतो. आपल्याकडे पुण्यात बिल्डर ग्रॅनाइटच्या खाली उभे कडप्पे टाकतात. कडप्पा म्हणजे दगड, पाणी लागलं तरी फुगत नाही, वाळवी लागत नाही. सिंकखालचा जो खण आहे तिथे मी ओटा ठेवलेल्या घरात पेटीच करत नाही, दोन बाजूला कडप्पा, खाली फरशी, पुढे फक्त फ्रेम आणि शटर, बास. कधी ना कधी सिंकखालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या नळीतला बाटलीसारखा जोड) सुटतो, आरओची नळी टपकते, आणि तिथे लाकूडच नसेल तर पुसून घेतलं की काम संपलं. मी सुरुवातीच्या वर्षांत एका घरात सिंकखाली पार्टिकल बोर्डची (दाबलेल्या भुश्याच्या फळीची) पेटी दिली होती, तेव्हा सगळेच देत होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्या काकूंचा फोन आला, गेलो तर तळाची फळी पावासारखी फुगलेली, बोटाने भुसा निघत होता. स्वतःच्या खर्चाने बदलून दिली, आणि तेव्हापासून कोणाच्याच सिंकखाली पार्टिकल बोर्ड लावला नाही.

फक्त ओट्याखाली ट्रॉल्या बसवताना कडप्प्याला थेट ड्रिल मारून चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी) लावू देऊ नका. कडप्प्याचे पापुद्रे निघतात, आज स्क्रू घट्ट वाटतो, दोन वर्षांनी तांदळाच्या ट्रॉलीचा भार घेऊन बाहेर येतो. प्रत्येक खणात दोन्ही बाजूंना प्लाय लावून घ्यायचा, चांगला १८ एमएमचा, आणि चॅनल त्या प्लायला. यात प्रत्येक खणात दीड-पावणेदोन इंच रुंदी जाते हे खरं आहे, पूर्ण मॉड्युलरवाले याच मुद्द्यावर जोर देतात, पण एल ओट्यात एकूण चार-पाच खण असतात, एवढी जागा गेली तरी चालते. आणि खणांची मापं एकसारखी नसतात, एक साडेतेवीस भरेल, दुसरा सव्वाचोवीस, म्हणून प्रत्येक खण वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी मोजायचा आणि सगळ्यात छोटं माप धरायचं. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का तेही बघून घ्या, एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटावर खूण, दुसरीवर ४ फुटावर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. अर्धा इंच फरक असेल तर कोपऱ्यातल्या शटरला फिलर (फट झाकणारी पट्टी) लागणार, तो आत्ताच कागदावर हवा.

आता ओटा ठेवला तर काय बसत नाही? डिशवॉशर. हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. १२-१४ प्लेस सेटिंगचं (तेवढ्या माणसांची ताट-वाटी मावणारं) मशीन ६० सेंटिमीटर रुंद आणि सुटं घेतलं तर उंचीला साधारण साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटर असतं, बिल्ट-इनला पण ८१-८२ सेंटिमीटर मोकळी उंची लागते. तुमचा ओटा वरूनच ८१, ग्रॅनाइट आणि खालची लादी गेली की आत ७६-७७ उरतात. पूर्ण ओटा फोडून उंच करायचा की मशीनची जागा बदलायची? मी म्हणेन मशीन ड्राय बाल्कनीत ठेवा. तिथे वॉशिंग मशीनसाठी नळ आणि ड्रेनेज आहेच, १६ अँपिअरचा पॉइंट एक असतो, दुसरा काढून घ्यायचा, सुटं डिशवॉशर ठेवायचं. सिंकपासून चार पावलं, आणि भांडी धुण्याचा आवाज आणि वाफ पण बाहेर. अट एकच, बाल्कनीच्या दाराचं मोकळं माप ६० सेंटिमीटरच्या वर हवं आणि मशीनचं दार पूर्ण खाली उघडल्यावर माणूस उभा राहायला जागा उरायला हवी. पावसाची झड येत असेल तर वर शेड किंवा स्लायडिंग खिडकी आधी.

डिशवॉशरचं पाणी पण बघा. वाकडला पवनेचं पाणी आलं तर प्रश्न नाही, पण तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअर चालू असेल तर ते पाणी जड असतं, काचेच्या ग्लासवर पांढरे डाग पडतात. मशीनमध्ये मीठ भरायचा कप्पा असतो तो त्याच्यासाठीच आहे, आणि पाण्याच्या जडपणानुसार सेटिंग करावं लागतं, इन्स्टॉल करायला येणाऱ्या माणसाकडून तेवढं करून घ्या. ॲल्युमिनियमचा कुकर त्यात काळा पडतो, लोखंडी तवा-कढई, लाकडी पोळपाट आणि तांब्या-पितळेचं काही त्यात टाकायचं नाही, म्हणजे सिंक लागणारच आहे, छोटं करू नका.

सिंकवरून आठवलं, आपल्याकडे दोन भांड्यांचं सिंक नको, एकच मोठं घ्या, २४ बाय १८, परात आणि कुकर आडवा झोपला पाहिजे. पण खोली ८ इंचाच्या वर नको, कारण भांडी घासताना हात ओट्याच्या उंचीवर नसतो, सिंकच्या तळाशी असतो, आणि ३२ च्या ओट्याला १० इंच खोल सिंक बसवलं की रोज वाकून कंबर जाते.

हॉब घ्यायचा की साधी शेगडी? तुमच्या बाबतीत हॉब घ्या असंच म्हणेन, आणि कारण दिसणं हे नाही. शेगडी ओट्यावर ठेवली की ४-५ इंच उंची वाढते, त्यावर कढई, म्हणजे सासूबाईंना आतलं दिसायलाच टाचा उचलाव्या लागणार. हॉब ग्रॅनाइटमध्ये बसतो म्हणून भांडं खाली येतं. पण आधी ओट्याची खोली मोजा. २४ इंच असेल तर ठीक, २२ असेल तर हॉबच्या पुढे आणि मागे ग्रॅनाइटची अगदी बारीक पट्टी उरते आणि ती पट्टी हमखास तडकते, अशा वेळी शेगडीच बरी. आणि हॉब घरात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नका, प्रत्येक मॉडेलचा कटआउट वेगळा असतो, खोक्यात कागद येतो त्याच्यावर माप असतं, तोच कागद ओट्यावर चिकटवून कापायचं. हे काम ट्रॉल्या बसवायच्या आधी उरकून घ्या, नाहीतर सगळी दगडाची पूड चॅनलमध्ये जाते.

गॅस: तुमच्याकडे एमएनजीएल कंपनीची गॅस पाइपलाइन आहे असं लिहिलंय, मग हॉब घेताना दुकानात स्पष्ट सांगा की पीएनजीचे, म्हणजे पाइपच्या गॅसचे, जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) हवेत, सिलिंडरचे जेट वेगळे असतात, तसेच जोडले तर ज्योत नीट येत नाही. भिंतीवरचा व्हॉल्व्ह कुठल्याही पेटीच्या मागे झाकू नका, हात घालून दोन सेकंदात बंद करता आला पाहिजे. पाइप सरकवायचा असेल तर कंपनीच्याच अधिकृत माणसाकडून, सुताराला किंवा ओळखीच्या प्लंबरला हात लावू देऊ नका. आणि वास साचू नये म्हणून जाळी कुठे ठेवायची यात लोक चुकतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडर असलेल्या खणाच्या शटरला खाली जाळी. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून तिथे जाळी वर. 

चिमणी. फोडणी आपण रोज देतो, त्यामुळे चिमणी हवीच, पण सक्शनचा आकडा बघून लोक घेतात आणि पाइप असा फिरवतात की सगळी ताकद पाइपातच जाते. ६ इंची पाइप, कमीत कमी अंतर, आणि कोपर (बेंड) एक, फार तर दोन. हॉबच्या वर २६ ते ३० इंचावर. ३ बर्नरच्या वर असेल तर ९० सेंटिमीटरची घ्या. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, पाइप ड्राय बाल्कनीत सोडला तर समोर कपडे वाळत असतात, सहा महिन्यांत सगळ्या कपड्यांना तळणाचा वास. पाइप बाल्कनीच्या वरच्या कडेने थेट बाहेर काढा, टोकाला जाळीची कॅप लावा, नाहीतर कबुतरं घरटं करतात.

बिल्ट-इन ओव्हनबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगतो. महिन्यातून चार वेळा केक, नानकटाई, पिझ्झा होत असेल तर घ्या, छान वस्तू आहे. पण तसं होत नसेल तर आत्ता साधा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन) एक वर्ष वापरा आणि भिंतीत जागा मात्र आत्ताच सोडून ठेवा, म्हणजे टॉल युनिटमध्ये (जमिनीपासून वरपर्यंतच्या उंच कपाटात) ५६ रुंद, ६० उंच आणि निदान ५५ सेंटिमीटर खोल असा एक खण, सध्या तिथे एक फळी टाकून मायक्रोवेव्ह ठेवा. मागची फळी बंद करू नका, गरम हवा वर जायला वाट लागते. खणाचा तळ ओट्याच्या पातळीला ठेवा, गरम ट्रे डोक्याच्या उंचीवरून काढताना हात भाजलेले मी पाहिलेत. लाईटवाल्याला आत्ताच सांगा की ओव्हनला वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट, तो पॉइंट ओव्हनच्या मागे नको, शेजारच्या खणात, म्हणजे ओव्हन न काढता बंद करता येतो. ओव्हन, डिशवॉशर, गिझर, एसी असं सगळं एकत्र येणार असेल तर महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा, कमी असेल तर वाढवायचा अर्ज ताबा नवीन असतानाच करून टाका.

मिक्सरचा पॉइंट गॅसच्या मागे नको, बाजूला हवा, आणि तिथेच अजून दोन ६ अँपिअरचे जास्तीचे काढा. कितीही काढले तरी कमी पडतात.

क्वार्ट्झ. ओटा ठेवलात तर हा प्रश्नच मिटतो, पण तुम्हाला आवडलंय म्हणून सांगतो. क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन (तो चिकटवणारा प्लास्टिकसारखा पदार्थ) दाबून केलेली लादी, दिसायला एकदम सुंदर, रंग एकसारखा. पण त्यातलं रेझिन गरम कुकर सहन करत नाही, आपण कुकर उतरवून सरळ ओट्यावर ठेवतो, तसं सारखं झालं तर डाग पडतो किंवा तडा जातो. पांढऱ्यावर हळद लगेच पुसली नाही तर पिवळी छटा राहते. ज्यांच्या घरी स्वयंपाक कमी आहे त्यांनी जरूर घ्यावं. पोळी-भाजी-आमटी दोन वेळ होते तिथे गडद ग्रॅनाइट, आणि तुमच्याकडे तो आहेच. फक्त एकदा चांगलं पॉलिश करून सीलर मारून घ्या. मार्बल ओट्याला कधीच नको, लिंबू-कोकम-चिंच पडली की चमक गेली. डायनिंगकडे एखादी वेगळी लादी टाकायची हौस असेल तर तिथे क्वार्ट्झ लावा, चांगली दिसेल.

आता एक बारीक गोष्ट, पण माझ्या मते अख्ख्या किचनचं आयुष्य हिच्यावर आहे. खाली वाकून ओट्याच्या पुढच्या कडेच्या खालून बोट फिरवून बघा. छज्जाच्या खाली पाणी मागे येऊ नये म्हणून खाच असते ना, ड्रिप मोल्ड म्हणतात, तशी बारीक खाच ग्रॅनाइटच्या खाली कडेपासून अर्ध्या इंचावर आहे का? बहुतेक नसेल. भांडी घासताना ओट्यावरून पाणी कडेला येतं, कडेवरून खाली वळतं आणि दगडाला चिकटून मागे सरकत थेट शटरच्या वरच्या धारेवर जातं. तिथे एज बँडचा (धारेवर चिकटवलेल्या पट्टीचा) सांधा असतो. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं. सिंकसमोरचंच शटर सगळ्यात आधी का फुगतं याचं कारण हेच. ग्रॅनाइटवाला मशीनने अर्ध्या तासात ही खाच पाडून देतो, थेंब तिथेच अडतो आणि खाली पडतो. मी प्रत्येक कामात हे आधी करून घेतो, आणि तुम्ही कोणाकडूनही काम करून घ्या, पण हे मागून घ्या.

मटेरियल बोलू. कोटेशनमध्ये नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आयएस ७१० (भारतीय मानकाचा नंबर) लिहून घ्या, तो मरीन ग्रेड, बॉइलिंग वॉटरप्रूफ, त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्याची असते. आयएस ३०३ मध्ये एमआर (फक्त ओलावा सहन करणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही प्रमाणात सहन करणारा) असे ग्रेड येतात, एमआर किचनला नको, बीडब्ल्यूआर वरच्या कपाटांना चालतो. प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि खाली सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे का ते दिसतं. आणि माल साईटवर आला की एक कापलेली धार बघा, आतल्या थरांमध्ये पोकळी दिसायला नको. मी गिऱ्हाइकांना चार इंची तुकडा देतो आणि म्हणतो घरी पातेल्यात दोन-तीन तास उकळवा, थर सुटले तर मला माल परत पाठवायला सांगा. कोणी तुकडा द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच काय ते कळतं.

एचडीएचएमआर बोर्डाला (लाकडाच्या तंतूंची घट्ट दाबलेली फळी) लोक वॉटरप्रूफ समजतात, तसं नाही, तो ओलावा सहन करतो, पाण्यात उभा राहणार नाही. शटरला मात्र चांगला, कारण सपाट राहतो, प्लायचं उंच शटर कधी कधी वाकतं. तर ओट्याखाली बाजूला मरीन प्लाय, शटर एचडीएचएमआर किंवा प्लायचं, बाहेर १ एमएम लॅमिनेट, आतून पांढरं लायनर (पातळ लॅमिनेट), पांढऱ्यावर झुरळ आणि गळती दोन्ही लगेच दिसतात. ॲक्रिलिक चमकतं पण ओरखडे उठतात आणि दिवसभर बोटांचे ठसे पुसावे लागतात, लहान मुलगी आहे घरात, मॅट लॅमिनेट घ्या. जी प्रोफाइल हँडलमध्ये (शटरच्या धारेत खाचेसारखं बसवलेलं हँडल) पीठ साचतं, साधं पकडता येणारं हँडल बरं, कणकेच्या हाताने उघडता येतं.

ट्रॉल्या. इथे मी स्वतः फसलोय. साधारण १२ वर्षांपूर्वी एका होलसेलवाल्याने ३०४ स्टील (सहसा न गंजणारा चांगला ग्रेड, २०२ हा स्वस्तातला) म्हणून अकरा बास्केट दिल्या, कोथरूडच्या एका घरी लावल्या, वर्षाच्या आत वेल्डिंगच्या ठिकाणी लालसर गंज. त्याने हात वर केले, मी अकराच्या अकरा बदलून दिल्या. चुंबक लावून ३०४ आणि २०२ मधला फरक कळत नाही, दोन्हीला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. त्यासाठी छोट्या बाटलीत टेस्टिंग लिक्विड मिळतं, एक थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ वर लाल होतो, ३०४ वर होत नाही. सप्लायरला तुमच्या समोर करायला सांगा.

सगळीकडे वायरच्या ट्रॉल्या पण नकोत आणि सगळीकडे टँडम बॉक्स पण नकोत. ओली भांडी, ताटं, वाट्या, कुकर जिथे जाणार तिथे वायरची ट्रॉली, पाणी निथळतं, हवा लागते. डबे, मसाले, चमचे यांना टँडम बॉक्स, म्हणजे बंद बाजूंचा ड्रॉवर. हार्डवेअरला हेटिक, ब्लम, हाफेले, एबको यातलं काहीही घ्या, पण कोटेशनमध्ये कंपनीबरोबर मॉडेल आणि वजनाची क्षमता लिहून घ्या, तांदूळ-गव्हाच्या ट्रॉलीला ३० किलोचं चॅनल पुरत नाही, ५० च्या वरचं हवं. पैसे वाचवायचे असतील तर शटरच्या फिनिशवर वाचवा, चॅनल आणि बिजागऱ्यांवर अजिबात नको.

आणि ट्रॉल्यांची उंची ठरवायच्या आधी घरातली भांडी जमिनीवर काढून मोजा. खरंच. सगळ्यात उंच डबा, कुकर शिट्टीसकट, ताटाचा व्यास, तळणाची कढई, मिसळणाचा डबा. एका घरी मी सगळं मोजून दिलं आणि नंतर त्या आजी म्हणाल्या पुरणयंत्र कुठे ठेवू, तेव्हापासून मी यादीत पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, लोणच्याच्या बरण्या आणि गौरी-गणपतीची मोठी पातेली आधी लिहितो. एलच्या कोपऱ्यातल्या त्या आंधळ्या जागेत महागडा मॅजिक कॉर्नर (कोपऱ्यातून बाहेर सरकणारी जाळ्यांची जोडी) सुचवतील, मला विचाराल तर तिथे नुसती फळी आणि दुमडणारं शटर, वर्षातून चारदा लागणारं सगळं तिथे जातं आणि तो खर्च चांगल्या चॅनलला वापरता येतो.

वरची कपाटं ओट्यापासून २ फूट वर, खोली १२-१४ इंच, नाहीतर डोकं आपटतं. वर उचलणारी शटरं छान दिसतात पण उघडल्यावर बंद करायला सासूबाईंचा हात पोचणार नाही, बाजूला उघडणारीच करा.

कोटेशनमधला दुप्पट फरक कुठून येतो ते बघा. एकाने रनिंग फुटावर दिलंय, दुसऱ्याने समोरच्या चौरस फुटावर, तिसऱ्याने पेटीप्रमाणे, त्यामुळे तिघांची तुलनाच होत नाही. तिघांनाही एकच ड्रॉइंग द्या आणि विचारा मागची फळी कशाची आणि किती एमएमची, माळ्याची शटरं धरलीत का, फिलर, स्कर्टिंग (खालची जमिनीलगतची पट्टी), ग्रॅनाइट कटिंग, प्लंबिंग, लाईट, जीएसटी आत की बाहेर. स्वस्त कोटेशनमध्ये मागची फळी बहुतेक वेळा कागदासारखी असते आणि निम्म्या गोष्टी 'एक्स्ट्रा' असतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, ॲडव्हान्स, माल साईटवर आल्यावर, बसवल्यावर, आणि शेवटचे ५-१० टक्के महिनाभर वापरून शटरची ॲडजस्टमेंट झाल्यावर. बिल्डरच्या नकाशावरून ऑर्डर देऊ नका, साईटवर माप घेऊनच.

अजून एक, काम सुरू करायच्या आधी ड्राय बाल्कनीत आणि सिंकखाली पाणी सोडून दोन दिवस बघा, गळती असेल तर फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा. रेरा (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा) कायद्यात ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला आणि कामाच्या दर्जातला दोष कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही आधीच टाइल्स फोडून नळ हलवले असतील तर तो तुमच्याच सुतारावर ढकलणार.

आता मला तीन मापं कळवा: ओट्याची खोली, ड्राय बाल्कनीच्या दाराची मोकळी रुंदी, आणि इस्त्रीच्या टेबलावर सासूबाईंना सोयीची वाटलेली उंची. गॅसचा व्हॉल्व्ह आणि खिडकी कुठल्या भिंतीवर आहेत ते पण कागदावर हाताने काढून पाठवलं तरी चालेल, म्हणजे हॉब कुठे आणि चिमणीचा पाइप कुठून ते नक्की सांगता येईल.